साडेबारा हजार भागिले नऊशे: मुंबई–न्यूयॉर्कचा हा हिशेब का जुळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याची बहीण अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. तिच्या बाळंतपणासाठी आई-वडील सप्टेंबरात सोलापुरातून निघणार आणि फेब्रुवारीत परतणार. नेटवर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर दिसतं, विमान ताशी नऊशेच्या वेगानं जातं, म्हणजे चौदा तास व्हायला हवेत. मग थेट विमानाला जाताना सोळा आणि येताना साडेचौदा तास का लागतात? दुबईवरून जाणाऱ्याला बावीस का? आणि सोलापुरातल्या घराला कुलूप लावल्यापासून एडिसनच्या दारात पोचेपर्यंत नेमके किती तास धरायचे? वडिलांना मधुमेह आहे, आईचे गुडघे दुखतात, दोघंही पहिल्यांदाच चाललेत.

मी मुंबईत विमान कंपनीच्या डिस्पॅच खात्यात नोकरी केली. विमान सुटायच्या आधी मार्ग, इंधन आणि वजन यांचा मेळ घालून वैमानिकाच्या हातात फ्लाइट प्लॅन ठेवायचा, हे आमचं काम. आता मुक्काम जुळे सोलापूरला, त्यामुळे या प्रवासाचं अलीकडचं टोकही चांगलं ठाऊक आहे. आधीच सांगून ठेवतो: अंतराचा तो आकडा बरोबर आहे, पण तुमच्या कामाचा सगळ्यात कमी तोच आहे.

मुंबईच्या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंत १२,५३० किलोमीटर होतात. मैलात सुमारे ७,७९०, आणि आम्ही लोक वापरतो त्या सागरी मैलात ६,७७०. काही वेबसाइट एकक न सांगता नुसता आकडा देतात, तेव्हा ६,७७० बघून कुणी खूश होऊ नये. हे अंतर पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं असतं. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा पश्चिमेला जाणार नाही, सरळ उत्तरेकडे झेपावेल. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग फिनलंडचं हेलसिंकी, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा आणि वरून खाली न्यूयॉर्क. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवलीत तर मात्र रेघ सौदी, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये उतरते. दिसायला ती सरळ, पण त्या वाटेनं गेलात तर १४,२०० किलोमीटर पडतील. नकाशा सपाट करताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून हा घोळ. सीटसमोरच्या स्क्रीनवर विमानाची वाट कमानीसारखी दिसते आणि शेजारचा प्रवासी म्हणतो, "एवढा वळसा कशाला घालतायत?" तो वळसा नसतो, तोच जवळचा रस्ता.

आता गंमत अशी, की त्या दोऱ्यावरून विमान जातच नाही.

दोरा मुंबई सोडल्यावर थोड्याच वेळात पाकिस्तानात शिरतो. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि त्यानंतर ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली. २०१९ मध्येही बालाकोटनंतर फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. अफगाणिस्तानचं आकाश ऑगस्ट २०२१ पासून बऱ्याच कंपन्या टाळतात. रशियानं २०२२ मध्ये अमेरिकी, युरोपीय आणि कॅनडाच्या विमानांना दार लावलं, भारतीयांना लावलं नाही. म्हणजे एकाच मुंबई–न्यूयॉर्क प्रवासासाठी दोन कंपन्यांचे मार्ग वेगळे असू शकतात, आणि दोन्ही त्या दोऱ्यापासून बाजूला. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे निघून तुर्कस्तान-युरोपच्या अंगानं गेलं, तर तीन-चारशे किलोमीटर सहज वाढतात. दिल्लीकरांचा वळसा याहून मोठा, कारण त्यांना आधी खाली गुजरातकडे यावं लागतं. या बाबतीत मुंबई बरी.

अशा बंदीच्या सूचनांना आमच्याकडे नोटॅम म्हणतात. रोज सकाळी चहाच्या आधी नोटॅमची चळत वाचायची ही आमची सवय. कुठे क्षेपणास्त्र चाचणी, कुठे ज्वालामुखीची राख, कुठे नुसती धावपट्टीची डागडुजी. अंतर ठरवणारा हा खरा कागद. वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरला तो दिसत नाही.

पण चौदाचे सोळा होतात ते मुख्यतः वाऱ्यामुळे. विमानाचा ताशी नऊशेचा वेग हा आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. शंभर-दीडशे किलोमीटरचा वेग नेहमीचाच, हिवाळ्यात तो दोनशेच्याही वर जातो. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर. साधा भागाकार करून बघा. पूर्ण वाटेवर सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर नऊशेचे साडेआठशे झाले, १२,५३० ला लागले पावणेपंधरा तास. तोच पाठीमागून असेल तर साडेनऊशे, म्हणजे सव्वातेरा. नुसत्या पन्नासच्या वाऱ्यानं दीड तासाचा फरक पडला.

वारा किती भारी पडू शकतो याचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. अटलांटिकवर 'कियारा' नावाचं वादळ होतं. त्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास धरतात. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. आवाजाचा वेग मात्र त्यानं ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याला घेऊन धावत होती.

इथे बरेच जण एक कारण ठोकून देतात, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून जाताना आणि येताना वेगळा वेळ लागतो. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि त्यातलं विमानही. नाहीतर सोलापुरात होटगी रोडवर हेलिकॉप्टर नुसतं वर नेऊन उभं केलं असतं आणि खाली पंढरपूर, मग कोल्हापूर आपोआप सरकत आलं असतं! पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण तो वाऱ्यांच्या दिशेशी. हवा विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकताना पूर्वेकडे वळते, त्यातून हे पश्चिमी वारे तयार होतात.

आमच्या धंद्यात या सगळ्यावरचा माझा आवडता दाखला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. एअर इंडियाचं हे विमान आधी युरोप-अटलांटिकच्या बाजूनं जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या दिशेनं, चीन-जपानवरून पॅसिफिक ओलांडून नेलं. अंतर झालं जवळपास १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी. जाताना वारा पाठीवर घ्यायचा म्हणून लांबची वाट धरली आणि लवकर पोचले. म्हणून डिस्पॅचर कधी "सगळ्यात जवळचा मार्ग कोणता" असं विचारत नाही, "सगळ्यात कमी वेळाचा आज कोणता" असं विचारतो. त्यातला 'आज' महत्त्वाचा. अटलांटिकवर तर युरोप आणि अमेरिकेमधले हवेतले समांतर रस्ते रोज नव्यानं आखले जातात: पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी दिवसाचे, पूर्वेला येणाऱ्यांसाठी रात्रीचे. काल जिथे रस्ता होता तिथे आज असेलच असं नाही.

तिकिटावर लिहिलेले तास तरी उडण्याचे असतात का? तेही नाहीत. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान गेटवरून मागे ढकललं त्या क्षणापासून पलीकडच्या गेटला थांबेपर्यंतचा तो वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत सरकणं आलं, रांगेत थांबणं आलं, उतरताना आकाशात घिरट्या आल्या, आणि उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता यावं म्हणून कंपनीनं राखलेली थोडी ढीलही आली. याचा घरचा नमुना सोलापूर–मुंबई विमानाचा. आकाशातलं अंतर अवघं ३६० किलोमीटर. नऊशेने भागलं तर चोवीस मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र तासाच्या आसपास असतं, कारण एवढ्याशा प्रवासात विमान पूर्ण वेगानं जातं ते थोडाच वेळ, बाकी चढणं, उतरणं आणि मुंबईच्या गर्दीत नंबर लावणं. अंतर जितकं कमी, तितका भागाकार जास्त फसतो. लांबच्या प्रवासात ही चूक अर्ध्या-पाऊण तासाची राहते. केनेडीला उतरल्यावर गेटपर्यंत सरकण्यातच वीस-तीस मिनिटं जाणं नवलाचं नाही.

एक गोष्ट प्रवाशाला दिसत नाही ती सांगतो, कारण सोळा तासांच्या उड्डाणाचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे. बोइंग ७७७-३०० ईआर हे विमान उडताना साडेतीनशे टनांपर्यंत भरू शकतं. मुंबई–न्यूयॉर्कसाठी त्यातलं शंभर टनांहून जास्त नुसतं इंधन असतं. वाटतं की आणखी पाच टन टाकून ठेवावं, हाताशी असलेलं बरं. पण ते पाच टन वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं, दर तासाला साधारण तीनेक टक्के. पंधरा-सोळा तासांनी पलीकडे पोचेपर्यंत त्या पाचातला तिसरा हिस्सा किंवा जास्तच संपलेला असतो. म्हणून आमच्या कागदावर इंधनाचा एकच आकडा कधी नसतो, ओळीमागून ओळी असतात: धावपट्टीपर्यंत सरकायला इतकं, प्रवासाला इतकं, अंदाज चुकला तर इतकं, न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर बोस्टन किंवा वॉशिंग्टनपर्यंत इतकं, तिथे पोचून अर्धा तास घिरट्या घालायला इतकं, आणि वैमानिकाला वाटलं म्हणून वरचं इतकं. वारा अंदाजापेक्षा जोरात असेल तर प्रवासाची ओळ फुगते, आणि एकूण वजन मर्यादेबाहेर जायला लागलं की काहीतरी खाली ठेवावं लागतं. आधी माल उतरतो, मग क्वचित रिकाम्या सीट विकणं थांबतं, आणि अगदीच भागलं नाही तर मध्ये कुठेतरी इंधनासाठी उतरतात. "थेट विमान होतं, तरी मध्येच दोन तास उभं केलं," अशी तक्रार येते तिच्यामागे बहुधा हाच कागद असतो.

आता दुबईचे बावीस तास. लोकांना वाटतं वाट वाकडी झाली म्हणून वेळ वाढला. मोजून बघू. मुंबई–दुबई १,९३० किलोमीटर, दुबई–न्यूयॉर्क ११,०००. बेरीज १२,९३०. त्या ताणलेल्या दोऱ्यापेक्षा फक्त चारशे किलोमीटर जास्त. लंडन किंवा फ्रँकफर्टवरून गेलात तरी दोन-अडीचशेचाच फरक पडतो. म्हणजे अंतरानं खाल्ला अर्धा तास. उरलेला वेळ खाल्ला तो एक जास्तीचं चढणं-उतरणं आणि विमानतळावरच्या तीन-चार तासांनी. हेच मला सांगायचं होतं: या प्रवासात वेळ हवेत कमी आणि जमिनीवर जास्त जातो. पहिली जमीन सोलापूरचीच.

तिकिटाच्या तारखेपासून सुरू करू, कारण सोलापूरकरांचा घात इथेच होतो. मुंबईहून अमेरिकेची विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा तिकिटावर १२ सप्टेंबर, ०१:३० असं आहे. याचा अर्थ ११ तारखेच्या रात्री साडेनऊ-दहापर्यंत विमानतळावर हजर व्हायचं. आपल्या डोक्यात '१२ चं विमान' बसतं आणि आपण ११ च्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस काढतो. ती मुंबईत पोचते १२ च्या सकाळी, तोवर विमान इराणवर नाहीतर त्याच्याही पुढे. आमच्या ओळखीत हे एका कुटुंबाचं खरोखर झालेलं आहे, दोन्ही तिकिटं गेली. म्हणून तिकीट हातात आलं की मागच्या तारखेसमोर पेननं लिहून ठेवा: 'रात्री दहाला विमानतळ'.

११ ला सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी वंदे भारत घेतली तर दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबई. विमानतळासाठी दादरला उतरायचं, शेवटपर्यंत जायची गरज नाही. ही गाडी आठवड्यातून एक दिवस सुटत नाही, तो वार आधी बघून घ्या. दुपार एखाद्या नातेवाइकाकडे घालवता आली तर आईच्या पायांना आराम. घर सोडलं पहाटे सव्वापाचला. विमान रात्री दीडचं. सोळा तासांनी आपल्या घड्याळात १२ च्या संध्याकाळचे साडेपाच, न्यूयॉर्कच्या घड्याळात सकाळचे आठ. इमिग्रेशन, सामान, मग एडिसनपर्यंत गाडीनं सव्वा-दीड तास: दारात पोचेपर्यंत तिथले अकरा, इथले रात्रीचे साडेआठ. मोजा. एकोणचाळीस तास. त्यातले विमानातले सोळा.

घरून थेट गाडीनं निघायचं असेल तर दुपारी बारा-साडेबाराला निघा. चार-साडेचार तासांत पुणे, पुढे घाट आणि मुंबईची गर्दी धरून आणखी चार. वाचतात सहा-सात तास, पण सप्टेंबरात पाऊस संपलेला नसतो आणि लोणावळ्यापाशी एखादा कंटेनर आडवा झाला की हा सगळा हिशेब पाण्यात. मी माझ्या माणसांना हा सल्ला देत नाही.

सोलापूरचं विमान? विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरात मुंबईचं. इतकी वर्षं वाट बघितल्यावर त्यानंच जावंसं वाटणं साहजिक आहे. जरूर जा, पण दोन अटींवर. एक, त्या दिवशी ते विमान आहे का आणि वेळ काय, हे निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तपासा. छोट्या गावांची वेळापत्रकं बदलत राहतात. दोन, हे तिकीट अमेरिकेच्या तिकिटापेक्षा वेगळं काढलेलं असेल तर सोलापूरचं विमान रद्द झाल्याची जबाबदारी अमेरिकेची कंपनी घेत नाही. तुमचं चुकलं, तुम्ही बघा, एवढंच उत्तर मिळतं. म्हणून एक दिवस आधी जा. आणि तिकडे सामान तेवीस किलोच्या दोन बॅगा चालत असलं तरी देशातल्या विमानाला कमी चालतं, हे काउंटरवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. सोलापुरी चादरी चार नेऊ नका. एक पुरे.

आणि हैदराबाद. आपल्याकडे हा विचार लोक करतात आणि बरोबर करतात. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद करत शमशाबादचा विमानतळ साडेपाच-सहा तासांत येतो. वाटेत ना बोरघाट, ना सायन-चेंबूरची गर्दी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचं तिकडे पाहुण्यारावळ्यांचं जाणं-येणं आहे, त्यामुळे मुक्कामाचीही सोय होते. हैदराबादहून दुबईला चार तास, तिथे चार तास थांबा, पुढे चौदा: बावीस. रस्त्याचे सहा, विमानतळावर आधी पोचण्याचे साडेतीन, शेवटचे तीन मिळवा, झाले साडेचौतीस. मुंबईहून थेट विमानाचा हिशेब गाडीनं गेलात तर बत्तीसच्या आसपास जातो. म्हणजे थेट विमान सहा तास वाचवतं खरं, पण त्यातले निम्म्याहून जास्त मुंबई गाठण्यात गेले. आगगाडीनं गेलात तर हैदराबादच पुढे!

मग तुमच्या आई-वडिलांसाठी काय? गुडघ्यांचा विचार केला तर मधला थांबा चांगला, सोळा तास सलग बसण्यापेक्षा चार तासांनी पाय मोकळे होतात. पण दोघंच, पहिल्यांदाच, मोठ्या विमानतळावर रात्री दोनला गेट बदललेलं आणि घोषणा इंग्रजी-अरबीत. शिवाय आखाताचं आकाश अधूनमधून तापतं. २३ जून २०२५ ला संध्याकाळी कतारनं काही तास आकाश बंद केलं, तेव्हा कितीतरी विमानं दुसरीकडे वळली आणि माणसं वाटेत अडकली. तरण्याताठ्या माणसाला ती एक कहाणी होते, मधुमेहाच्या माणसाला त्रास. म्हणून जाताना मुंबईहून थेट, एक दिवस आधी मुंबईत. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा. आईला गरज आहेच. वडिलांना नसली तरी मागा, म्हणजे रांगांमध्ये दोघांची ताटातूट होत नाही. आईला कडेची सीट, दर दीड-दोन तासांनी एक फेरी, पाणी भरपूर.

वडिलांच्या गोळ्या-इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. खाली जाणाऱ्या सामानात अजिबात नको. डोसच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि त्यांना सांगताना तारीख-वार सांगू नका, 'निघाल्यापासून इतक्या तासांनी' असं सांगा. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो: त्यांचा १२ सप्टेंबर चोवीस तासांचा नसून साडेतेहेतीस तासांचा असणार आहे. घड्याळ बघून गोळी घेतली तर गोंधळ होतो. एक घड्याळ एडिसनला पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या.

तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या गावच्या असतात. रात्री दीडला सुटून सकाळी आठला पोचतं म्हणून "साडेसहा तासांत अमेरिका" असं कुणी म्हणालं तर हसू नका, फरक मिळवून दाखवा. सप्टेंबरात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ एक तास मागे घेतात, की फरक साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तो तसाच. तुमचा परतीचा प्रवास फेब्रुवारीत, म्हणजे साडेदहाचा हिशेब. तिकडून सकाळी साडेअकराला निघालं तर आपल्याकडे रात्रीचे दहा वाजलेले. पाठीवर हिवाळ्याचा वारा, साडेचौदा तासांत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबई. चारच्या सुमाराची वंदे भारत पकडायची घाई करू नका; इमिग्रेशन, सामान आणि सहारच्या विमानतळापासून दादरपर्यंतचा रस्ता यात ती निसटते. रात्रीची सिद्धेश्वर काढा, सकाळी घरी.

तिकडे उतरताना एकच: केनेडी किंवा नेवार्क, दोन्हींतून निवड मिळाली तर नेवार्क. एडिसन तिथून अर्ध्या-पाऊण तासावर, केनेडीहून पूर्ण न्यूयॉर्क ओलांडावं लागतं. मुंबईपासून दोघांचं अंतर जवळपास सारखंच, पण जावयाचा सुट्टीचा अर्धा दिवस वाचतो. कधी तिकिटात पुढचं देशांतर्गत विमान जोडलेलं असेल, तर लक्षात ठेवा की अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथेच सामान ताब्यात घेऊन, कस्टम करून पुन्हा द्यावं लागतं. दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. डिंकाचे लाडू, शेंगाचटणी, जे काही खाण्याचं असेल ते विचारल्यावर "आहे" म्हणून सांगायचं. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर काढून ठेवतील. चटणी खालच्या बॅगेत टाका, हातातल्या नको.

आणि वडिलांना सांगा, विमानात नकाशाचा स्क्रीन लावून ठेवा. त्यावर 'ग्राउंड स्पीड' असा आकडा येतो. जाताना तो ८३०-८६० च्या आसपास खेळेल, येताना हजाराला टेकेल. वरच्या सगळ्या गणिताचा ताळा त्यांना सीटवर बसल्या बसल्या घेता येईल, आणि सोळापैकी दोन-तीन तास तरी बरे जातील.